सुकवणीच्या मशीन येण्याआधी घराची तयारी

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी लोकांच्या बेडरूमपर्यंत आलं. पाणी उतरल्यावर घरोघरी एकच चित्र होतं: खिडक्या सताड उघड्या, पंखे फुल्ल आणि जमेल तिथे कूलर भिंतीकडे तोंड करून लावलेला. असं भिजलेलं घर सुकवून देणारे लोक मशीन घेऊन येतात; त्या येण्याआधी आणि चालू असताना काय करायचं, त्याच्या या सूचना. पहिली कूलरचीच. ताट्या, म्हणजे बाजूच्या गवताच्या जाळ्या, ओल्या असलेला कूलर हवेत पाणी सोडतो, त्याचं कामच ते आहे. मे महिन्यात त्याचा आपल्याला आधार असतो, पण ओल्या घरात तो भिंतीला आणखी पाणी पाजतो. लावायचाच असेल तर टाकी रिकामी करा, पंप बंद ठेवा आणि ताट्या काढून नुसता पंखा म्हणून वापरा.

हवेचा हिशोब एकदा नीट समजला की पुढची सगळी तयारी आपोआप सुचते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घ्या. ३० अंश तापमानाला तेवढ्या हवेत जास्तीत जास्त लिटरभर पाणी वाफेच्या रूपात मावतं. सप्टेंबरात आर्द्रता ८० टक्के असली, तर त्यातली बहुतेक जागा आधीच भरलेली असते. उरते ती जेमतेम एका पेल्याची. आणि भिंतीचा गिलावा, फरशीखालची रेती, दाराची चौकट यांत बादल्यांनी पाणी मुरलेलं असतं. पंखा ते पाणी भिंतीतून हवेत आणतो, पण हवेतून घराबाहेर नेत नाही. खिडकी उघडावी तर बाहेरची हवाही तशीच भरलेली. म्हणून सुकवणीवाले दोन प्रकारच्या मशीन बरोबर आणतात. जमिनीलगत जोरात हवा मारणारे ब्लोअर भिंतीवरची दमट हवा सतत हलवतात, आणि डीह्युमिडिफायर त्या हवेतलं पाणी ओढून टाकीत जमा करतो. माझं स्पष्ट मत आहे की नुसते ब्लोअर भाड्याने देणाऱ्याला काम देऊच नये. त्यात फक्त एका खोलीची ओल दुसऱ्या खोलीत जाते.

मशीन यायच्या आधी मेन स्विच बंद करा. ज्या सॉकेटपर्यंत पाणी पोचलं होतं ते इलेक्ट्रिशियनने उघडून तपासल्याशिवाय वापरू नका. अर्थिंग आणि ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) चालू आहेत का, हेही त्याच वेळी बघून घ्या. मशीन दिवसरात्र चालतात, त्यामुळे सगळा भार एकाच एक्स्टेंशन बोर्डावर टाकू नका. वरच्या मजल्यावरची कोरडी लाइन मिळाली तर उत्तम. घरचा इन्व्हर्टर यांना पुरत नाही. लाइन जात असेल तर जनरेटरचं आधीच बोलून ठेवा.

मग पाणी कुठून आलं ते बघा. टाकी ओव्हरफ्लो झाली किंवा पाइप फुटला तर थेट सुकवणीला लागता येतं. नाल्याचं, नदीचं किंवा चेंबर उलटून आलेलं पाणी असेल तर आधी गाळ काढा, साबणाने घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसा, आणि मगच ब्लोअर सुरू करू द्या, नाहीतर वाळलेला मैला घरभर उडेल. ब्लीचिंगमध्ये टॉयलेटचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. अशा पाण्यात बुडालेल्या गाद्या-उशा टाकूनच द्या, कितीही जीव अडकला असला तरी. फोटो मात्र आधी काढा, विम्यासाठी लागतात.

साचलेलं पाणी वायपरने आणि ओलं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने शक्य तितकं काढा. पाणी म्हणून काढणं सोपं असतं, वाफ करून काढणं महागात पडतं. इथे उशीर नको, कारण २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. आलमाऱ्या, दिवाण, सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि आलमारीची दारं, ड्रॉवर उघडे ठेवा. फुगलेला एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. सागवानी चौकट मात्र हळूहळू सुकवली तर वाचते, तिच्यावर हीटर लावू नका, तडकेल. सुटलेली पुट्टी, पोपडे, ऑइल पेंटचा थर खरवडून काढा. त्या थराआड ओल अडकून राहते.

डीह्युमिडिफायर लावला की खिडक्या-दारं बंद. हे घरच्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं. पण खिडकी उघडी ठेवली तर मशीन अख्ख्या नागपूरची हवा सुकवत बसेल. मशीनच्या आत गार कॉइलवरून हवा जाते, गार ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटावं तसं कॉइलवर दव धरतं, ते टाकीत गळतं आणि कोरडी झालेली तीच हवा गरम कॉइलवरून तापून परत खोलीत येते. खोली थोडी तापते, ते चांगलंच आहे. टाकी भरली की मशीन आपोआप थांबते. रात्रभर ती ठप्प पडू नये म्हणून पाइप थेट न्हाणीच्या जाळीत सोडून मागा. एसीच्या ड्राय मोडनेही पाणी निघतं, पण खोली गार झाल्याने बाष्पीभवन मंदावतं. कागदावर दिवसाला ५० लिटर लिहिलेलं असतं ते बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला. खोली कोरडी होत जाईल तसा आकडा उतरणारच. सिलिका जेलचं चाक असलेली मशीनही मिळते. ती ओली गरम हवा नळीने बाहेर फेकते आणि थंडीतही काम करते. जानेवारीत पाइप फुटला तर ती मागा, पावसाळ्यात कॉइलवालीच पुरते.

ब्लोअर भिंतीला तिरके हवेत, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला, म्हणजे हवा खोलीभर फिरते. आवाज मोठा असतो. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, दम्याचे पेशंट यांची सोय तेवढे दिवस नातेवाइकांकडे करा.

भिंतीतल्या ओलीचं रोजचं रीडिंग मात्र घरच्या माणसाने समोर उभं राहून घ्यावं. मॉइश्चर मीटरच्या दोन पिना भिंतीला टेकवल्या की आकडा येतो. तो मीटर लाकडासाठी बनवलेला असतो, त्यामुळे गिलाव्यावरच्या आकड्याला एकट्याला अर्थ नाही. वरच्या मजल्यावरच्या, पाणी न लागलेल्या तशाच भिंतीचं रीडिंग घ्या आणि खालची भिंत त्याच्याशी ताडून बघा. स्कर्टिंगच्या वर वीतभर, कोपऱ्यात, चौकटीच्या पायथ्याशी, न्हाणीला लागून असलेल्या भिंतीवर पेन्सिलने खुणा करा आणि रोज तिथेच मोजा. टाकीत पाणी कमी जमू लागलं म्हणजे भिंत सुकली असं नाही. वरची ओल आधी निघते, विटेतली सावकाश बाहेर येते. भाडं वाचवायला मशीन लवकर परत केली की महिनाभरात भिंतीवर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो. आपल्याकडच्या विटांच्या जाड भिंतींना मशीननंतरही हवा आणि वेळ लागतो. ऑक्टोबरात दुपारी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असल्याचं हायग्रोमीटरवर (हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर) दिसलं, की मग खुशाल खिडक्या उघडा. दिवाळीला घर रंगवायचंच असेल तर वरचा भाग रंगवा. खालची तीन फूट भिंत मात्र तिचं रीडिंग वरच्या मजल्यावरच्या भिंतीइतकं येईपर्यंत उघडीच राहू द्या, पुट्टीचा हातही लावू नका.