दिवाळीच्या आवराआवरीची तयारी, घरात धुळीची ॲलर्जी असेल तर

दिवाळीची साफसफाई म्हटली की सगळा जोर माळ्यावर आणि जळमटांवर जातो. पण सकाळी उठल्या उठल्या सटासट शिंकणारा किंवा दम्याचा माणूस घरात असेल, तर निम्मी मेहनत त्याच्या गादी-उशीसाठी राखून ठेवा. माळ्यावर कुणी झोपत नाही, उशीवर मात्र रोज सात-आठ तास नाक टेकलेलं असतं. डस्ट माइट नावाचे जेमतेम पाव मिलिमीटरचे जीव तिथेच वाढतात. माणसाच्या कातडीचा कोंडा हे त्यांचं खाणं. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात, म्हणून पावसाळ्याचे चार महिने त्यांची चंगळ असते. ॲलर्जी मुख्यतः होते ती त्यांच्या विष्ठेमुळे. त्यामुळे किडे मेले तरी काम अर्धंच झालं, विष्ठा धुऊन बाहेर काढणं उरतंच.

आधी सामान जमवा. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची दहा-बारा फडकी, दोन बादल्या (एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं), हातमोजे, दोन-तीन एन-९५ मास्क आणि एक जुना उशीचा अभ्रा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. व्हॅक्युम क्लीनर असेल तर त्याला हेपा फिल्टर आहे ना ते बघा. नसेल, तर बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा खोलीतच येते. नवी फुलझाडू आणणार असाल तर आठवडाभर आधी आणा आणि गच्चीत आपटून तिचा भुसा झाडून टाका. ज्याला त्रास आहे त्याला त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा, रिलिव्हर पंप (दम लागला की लगेच ओढायचा) आठवणीने बरोबर द्या. शेवटचा हात फिरवल्यावर दोन तास तरी त्याला खोलीत येऊ देऊ नका, कारण उडालेली धूळ खाली बसायला वेळ लागतो.

काम वरून खाली न्यायचं. माळा आणि जळमटं पहिल्या दिवशी, तेव्हा पलंगावर जुन्या चादरी टाकून ठेवा. पंखा पुसताना अभ्रा आतून ओलसर करा, पात्याला मोज्यासारखा चढवा, दोन्ही बाजूंनी दाबत टोकाकडे ओढा. पात्याच्या कडेला साचलेला काळा थर अभ्र्यातच राहतो, गादीवर पडत नाही. झटकणी या घरात नकोच, ती धूळ या कपाटावरून त्या कपाटावर नेते. जे पुसता येतं ते ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. फरशीही आधी ओल्या फडक्याने पुसा, कोपऱ्यांत उरलेला कचरा मग गोळा करा.

गाद्यांसाठी पाऊस ओसरल्यावरचं ऑक्टोबरचं कडक ऊन गाठा. दहा ते चार ऊन दाखवा, दुपारी एकदा उलटवा. बाल्कनीत बडवू नका, सगळी धूळ घरात येते. बडवायची तर गच्चीत, मास्क लावून. जाड गादीत ऊन वरच्या थरापुरतंच पोचतं, आतले जीव शाबूत राहतात. म्हणून ऊन दाखवल्यावर गादीला आणि उशीला घट्ट विणीचं, चेन असलेलं कव्हर चढवा, एवढ्या सगळ्यात पैसे घालण्यासारखी वस्तू हीच. चादरी, अभ्रे आणि गोधड्या साठ अंशांच्या पाण्यात धुवायच्या. मशीनला ती सोय नसेल तर एक तांब्या उकळतं आणि एक तांब्या नळाचं पाणी मिळून साधारण साठ अंश होतं, पण बादली आणि कपडे उष्णता खातात, म्हणून उकळत्याचे दोन, नळाचा एक असं धरा. अर्धा तास भिजू द्या. जुन्या साड्यांच्या गोधडीचा रंग जातो, आधी एक कोपरा भिजवून बघा. गरम पाणी न सोसणारी मऊ खेळणी पिशवीत घालून एक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग गार पाण्यात धुवा.

बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढून मागे बुरशी आहे का बघा. कोरड्या ब्रशने खरवडली तर तिचे बीजाणू खोलीभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओली करून पुसा, पंखा लावून वाळवा. गळती न काढता वर रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे ठरलेले. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. कपाट परत ठेवताना चार बोटं जागा सोडा.

झुरळांची विष्ठाही दम्याला वाईट. ट्रॉलीच्या रुळांत मिऱ्याच्या पुडीसारखे काळे ठिपके दिसले तर ते साबणाने धुवा आणि बिजागरीजवळ, सिंकखाली, फ्रीजमागे झुरळं मारायच्या जेलचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके लावा. तिथे स्प्रे मारू नका, वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत आणि दमेकऱ्याला तो वास वेगळाच त्रास देतो. कबुतरांची वाळलेली घाणही आधी पाणी मारून भिजवा, मगच काढा.

सामान परत लावताना झोपायच्या खोलीतला गालिचा गुंडाळलेलाच राहू द्या. उघड्या फळीवरची पुस्तकं काचेच्या कपाटात जाऊ द्या. डांबरगोळ्यांतल्या रजया अंगावर घ्यायच्या आधी दिवसभर वाऱ्यावर टाका.