मीटर पॅक करण्याआधी कूलर बघा: सूक्ष्म मोजमापातल्या या चुका टाळा

एप्रिल उजाडला की एमएस्सीच्या प्रोजेक्टवाली पोरं माझ्या टेबलाशी येतात. वाक्य ठरलेलं: "सर, मीटर गेलं जी." मीटर क्वचितच गेलेलं असतं.

एका वर्षीची गोष्ट. पातळ फिल्मचा रोध मोजायचा होता, सिग्नल जेमतेम वीस मायक्रोव्होल्ट. सकाळी दहापर्यंत आकडा दगडासारखा स्थिर, अकरानंतर शेवटचे तीन अंक नाचायला लागायचे. पोरानं चार दिवस सरासरी काढून पाहिली, मग मीटर दुरुस्तीला पाठवायला खोक्यात भरलं. मी त्या दुपारी जुना ट्रान्झिस्टर घेऊन गेलो, मीडियम वेव्हवर, स्टेशन नसलेल्या जागी लावून. (हे माझं आवडतं उपकरण, हसा खुशाल.) टेबलाजवळ नुसती खरखर. कूलरच्या रेग्युलेटरपाशी नेला तर चर्रर्र! जुना डिमर पद्धतीचा रेग्युलेटर. तो विजेची प्रत्येक अर्धी लहर कापतो, म्हणजे सेकंदाला 100 झटके वायरिंगमध्ये सोडतो. त्यात कूलर आणि मीटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर! अकरानंतरच का, ते नागपूरकराला सांगायला नको. पंचेचाळीस अंशांत कूलर बंद कर म्हणणारा मी कोण? त्याचा प्लग समोरच्या भिंतीवर, वेगळ्या सर्किटला नेला आणि सीताबर्डीतून कपॅसिटरवाला रेग्युलेटर आणून बसवला. संध्याकाळी मीटर खोक्याबाहेर.

तेव्हापासून माझा नियम: आकडे असे नाचायला लागले की आधी खोलीतली एकेक वस्तू बंद करत जायचं. पंखा, एलईडी ट्यूब, लॅपटॉपचा चार्जर. मीटरच्या बटणांना हात सगळ्यात शेवटी.

दुसरी चूक पाहिली की माझं डोकंच फिरतं. मोजमापात मेन्सच्या विजेची 50 हर्ट्झची घरघर, म्हणजे नको असलेला सिग्नल, येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणं. घरघर जाते, हे खरं. पण आत वायर सुटून बॉडीला लागली तर वीज तुमच्या हातातून जमिनीत जाईल. रोग वेगळाच असतो: दोन उपकरणं दोन भिंतींच्या सॉकेटवर, दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेनं, आणि मध्ये त्यांना जोडणारी केबल. त्या वेटोळ्यातून, म्हणजे केबलवरच्या तारांच्या जाळीतूनच (शील्ड), प्रवाह वाहतो आणि मोजमापात घुसतो. मी मोजमापाची सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घेतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या कामात केबलची जाळी एकाच टोकाला जोडतो. आणि बाहेरचा अर्थिंगचा खड्डा कोणी पाहतं का? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, इलेक्ट्रोडला सोडून देते, रोध वाढतो. मार्चपासून दर सोमवारी मी तिथे बादलीभर पाणी ओततो. विभागात याला सरांचा अभिषेक म्हणतात.

अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळणाऱ्यांसाठी: फॉइल विद्युत क्षेत्र अडवतं, तेही अर्थिंगला जोडलं तर. ट्रान्सफॉर्मरच्या 50 हर्ट्झच्या चुंबकी क्षेत्राला ते दिसतही नाही, कारण त्या फ्रिक्वेन्सीला जाड तांब्यातही हे क्षेत्र सुमारे 9 मिलिमीटर आत शिरतं. वायरींना पीळ द्या, ट्रान्सफॉर्मर हातभर लांब सरकवा. फुकटचं काम आहे, म्हणून कोणी करत नाही.

लॉक-इनची (ठरवलेल्या एकाच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वेचून मोजणारा अॅम्प्लिफायर) फ्रिक्वेन्सी 50 च्या पटीत ठेवू नका, नाहीतर तो मेन्सची घरघरच वेचेल.

परदेशातून आलेलं मीटर तिकडच्या 60 हर्ट्झच्या विजेवर सेट आहे का, मेनूत पाहा. आपल्याकडे एक लहर 20 मिलिसेकंदांची. मीटर 16.67 मिलिसेकंद मोजत बसलं तर घरघर पुरती कटत नाही.

आणि मोबाइल. "सायलेंटवर आहे सर" म्हणतात! सायलेंटवरचा फोनही टॉवरशी बोलतच असतो. माझ्या दाराबाहेर खुंटीला एक कापडी पिशवी टांगली आहे, फोन त्यात टाकल्याशिवाय आत प्रवेश नाही.