रक्त द्यायच्या दिवशी पळू नका, बाकी रोज चाला

जळगावातल्या एका लॅबमध्ये मी रक्त काढते. सकाळी उपाशीपोटी येणाऱ्यांच्या रांगेत मेहरूण तलावाला फेऱ्या मारून घामेजल्या टी-शर्टवर थेट आलेली मंडळी हमखास असतात. उपाशी आहोतच, तर जाता जाता रक्तही देऊन टाकू, असा हिशोब. पण जोरात पळून आलेल्या धडधाकट माणसाच्याही पांढऱ्या पेशी बारा-पंधरा हजारांवर जाऊ शकतात. मग रिपोर्ट बघून फोन येतो, "ताई, माले काय व्हयनं?"

बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं. पळताना ॲड्रेनालिन वाढतं, रक्ताचा वेग वाढतो आणि एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून किंवा प्लीहेत बसलेल्या पेशी प्रवाहात उतरतात. त्यात पहिला नंबर नॅचरल किलर पेशींचा, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशी टिपून मारणाऱ्यांचा. व्यायाम थांबला की तास-दोन तासांत त्यांचा आकडा नेहमीपेक्षाही खाली येतो. पूर्वी याचा अर्थ प्रतिकारशक्ती घटली असा लावायचे. आता बरेच संशोधक म्हणतात की त्या पेशी मेलेल्या नसतात, फुफ्फुसं, आतडी अशा ठिकाणी गस्तीला गेलेल्या असतात. मला हे पटतं.

म्हणून सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) करायचं असेल त्या सकाळी फेरी नको. हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (अंगातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, बारकाईनं मोजणारी तपासणी) करायचं असेल तर आधीचे दोन दिवस दमवणारा व्यायाम बंद ठेवा. सर्दी-ताप, ठणकणारी दाढ असं काही चालू असेल तर ती तपासणी पुढे ढकला.

सीआरपी यकृतात तयार होतं आणि अंगातल्या दाहाचा अंदाज देतं. हृदयाच्या धोक्याच्या हिशोबात लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत चांगलं, 1 ते 3 मधलं, 3 च्या वर जास्त. 10 च्या वर गेलं तर बहुधा कुठेतरी जंतुसंसर्ग किंवा इजा असते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासतात. दिसायला ठणठणीत माणसाचं 4-5 येतं तेव्हा मी आधी त्याचं पोट बघते. आतड्यांभोवतीच्या चरबीत मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकार करणाऱ्या पेशी गोळा होतात, टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायनं सोडतात, आणि यकृत त्याला सीआरपीनं उत्तर देतं. टेप बेंबीच्या रेषेत धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका (पुरुष हमखास ओढतात). आपल्याकडच्या पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटरची मर्यादा आहे.

इथे चालण्याचा उपयोग दोन बाजूंनी होतो. एक म्हणजे ही चरबी उतरते. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. काम करणारा स्नायू स्वतःच इंटरल्युकिन-6 रक्तात सोडतो. दाहाच्या यादीत बदनाम असलेलं हेच रसायन स्नायूतून आलं की त्यामागून दाह शमवणारं इंटरल्युकिन-10 वाढतं आणि टीएनएफ दबतं. कोपनहेगनच्या संशोधक बेंटे क्लारलुंड पेडरसन यांनी हे काम पुढे नेलं. 2017 मध्ये सॅन दिएगोच्या संशोधकांनी लोकांना ट्रेडमिलवर जेमतेम 20 मिनिटं मध्यम वेगानं चालवलं, तरी टीएनएफ बनवणाऱ्या पेशी सुमारे 5 टक्के कमी झाल्या. आकडा छोटा आहे, पण तो एका वेळचा आहे. रोज चालणाऱ्याला तो रोज मिळतो.

वेग किती? बरोबरच्याशी बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला 150 मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान आकडा. पाच दिवस अर्धा-अर्धा तास धरा. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्यानं दहा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला पाच वाढवावीत. सायकल, पोहणं, काहीही चालेल. दोन दिवस उठाबशा किंवा वजनंही घ्या. हृदयविकार असेल, चालताना छाती भरून येत असेल, तर आधी डॉक्टर. आणि फेरी संपल्यावर कचोरीच्या गाडीवर थांबायचं असेल तर कंबरेच्या टेपकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आपल्याकडचा खरा प्रश्न ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो तेव्हा आठ वाजताच डांबर तापू लागतं. अशा उन्हात दमेपर्यंत पळालं की रक्त कातडीकडे आणि स्नायूंकडे वळतं, आतड्यांना कमी पडतं, त्यांचं अस्तर सैल होतं आणि जंतूंचे विषारी अंश रक्तात झिरपतात. दाह कमी करायला निघालेला माणूस तो वाढवून घरी येतो. उन्हाळ्यात सातच्या आत आटपा, वेग कमी ठेवा, निघताना पाणी पिऊन निघा. जमलं नाही तर घरातच जिना चढा-उतरा.

नुसतं नाक वाहत असेल तर हळू चालायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला असेल तर पूर्ण विश्रांती, आणि ताप उतरल्यावरही लगेच जुना वेग धरू नका. मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या पोरांनी मोठ्या पळण्यानंतरचे दोन दिवस हलके ठेवावेत आणि झोप कापू नये.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. पोट उतरलं असेल तर सीआरपी उतरण्याची शक्यता जास्त. वजन तसंच राहिलं तर फरक थोडाच दिसेल. दोनदा तपासूनही 10 च्या वर राहिलं, सकाळी बोटांचे सांधे आखडत असले, किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर फेऱ्या वाढवत बसू नका. रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा.