शिवून घेतलेला कॅज्युअल शर्ट पैसे वसूल आहे का, हे कसं ओळखावं

कापड भारी घेतलं की शर्ट भारी होतो, हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून आणलेलं उंची लिनन खराब कटिंगमध्ये वाया जातं आणि इचलकरंजीचं साधं सुती कापड चांगल्या हातात गेलं तर वर्षानुवर्षं अंगावर शोभतं. समजा, कापड ९०० रुपये मीटर आणि शिलाई ६०० रुपये. १.६ मीटरला १४४० धरून शर्ट २०४० ला पडला. यात हात आखडता घ्यायचाच असेल तर कापडात घ्या. शिलाईला दोनशे-तीनशे जास्त देऊन कापड कापणारा चांगला कारागीर मिळत असेल तर बिनधास्त द्या. आणि रेडिमेड शर्ट खांद्यात, पोटावर, बाहीत नीट बसत असेल तर शिवून घेऊच नका, पैसे वाचवा.

५८ इंच पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६ मीटर पुरतं. चौकडा असेल तर पाव मीटर जास्त घ्या, नाहीतर खिशावरच्या रेषा जुळत नाहीत. शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करा. सुती आणि लिनन दोन्ही आटतं.

आता खांदा आणि मुंढा, म्हणजे बाही धडाला जिथे जोडतात ती काखेभोवतीची गोलाई. शर्टाचं सगळं इथे ठरतं, आणि मलाही सगळ्यात जास्त वेळ हेच समजायला लागला.

खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर संपली पाहिजे. ती दंडावर उतरली की नवा शर्टही उसना आणल्यासारखा दिसतो. मुंढ्याच्या बाबतीत तर बहुतेक टेलर आणि बहुतेक गिऱ्हाईकं उलटंच धरून चालतात. मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा राहील, असं वाटतं. तसं होत नाही. काखेखाली खोल कापलेल्या मुंढ्यात बाही धडाला फार खाली जोडली जाते. हात वर केला की ती अख्खा शर्ट ओढून वर नेते. बसमध्ये वरचा दांडा धरून बघा, कंबर उघडी पडते. मुंढा काखेजवळ असला की हात फिरतो आणि शर्ट जागच्या जागी राहतो.

तुमचा नीट बसणारा एखादा शर्ट टेबलावर सपाट पसरा आणि खांद्याच्या शिवणीपासून काखेच्या शिवणीपर्यंत सरळ मोजा. छाती ४० असलेल्या मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण ९ ते साडेनऊ इंच पुरतात. नेहमीच्या कटिंगमध्ये हेच माप सहज साडेदहापर्यंत जातं. “साहेब, टाइट होईल,” असं टेलर म्हणेल. ठाम राहा. मुंढा लहान झाला तर ट्रायलला थोडा खोल कापता येतो. मोठा झाला तर लहान करता येत नाही, कारण कापलेलं कापड परत येत नाही. म्हणून हे बोलणं कात्री लागायच्या आधी व्हायला हवं. जुना शर्ट मापाला टाकून निघून येऊ नका. त्यावरून छाती, लांबी, बाही, कॉलर घेतली जाते आणि मुंढा मात्र दुकानाच्या ठरलेल्या हिशोबाने कापला जातो. मुंढ्याचं माप वहीत लिहायला लावा, समोर उभं राहून.

ट्रायल कच्च्या शिलाईवर मागा. शर्टाला ट्रायल देत नाही असं सांगणाऱ्या दुकानात एका वेळी एकच शर्ट टाका. ट्रायलला पाठीचा फोटो काढून घ्या. कॉलरखाली आडवी वळी पडत असेल तर तुमचे खांदे शर्टाच्या उतारापेक्षा सपाट आहेत. मानेकडून काखेकडे तिरप्या सुरकुत्या जात असतील तर ते जास्त उतरते आहेत. डावा-उजवा खांदा वेगवेगळा बघा, कारण पुष्कळांचा एक खांदा खाली असतो. “इस्त्री केली की जाईल” हे उत्तर अजिबात चालवून घेऊ नका. चुकलेल्या उताराची सुरकुती इस्त्रीने जात नाही, ती शिवण उसवूनच काढावी लागते.

कॉलरच्या आत घालायचं अस्तर, म्हणजे बकरम, कडक नको, मऊ हवं, हे आठवणीने सांगा, नाहीतर सुटीच्या दिवशीही ऑफिसचाच शर्ट घातल्यासारखं दिसतं. शर्ट बाहेर सोडायचा असेल तर त्याची खालची कड पँटच्या चेनच्या मध्यावर संपू द्या. खोचायच्या लांबीचा शर्ट बाहेर सोडला की पाय आखूड दिसतात, तेव्हा एकाच शर्टात दोन्ही मागू नका. कॉलरच्या आत वेगळ्या रंगाचं कापड, काजाला रंगीत दोरा, खांद्यावर पट्ट्या हे सगळं टेलर हौसेने सुचवतो. सरळ नाही म्हणा. पहिला शर्ट एकरंगी घ्या, फिका निळा किंवा मातकट. एकरंगी कापडावर कटिंग लपत नाही.

शर्ट हातात आला की उलटा करा. बाजूची कड आत दाबून दुहेरी शिवण घातलेली असावी. एका इंचात टाके मोजा. आठ-नऊच असतील तर काम घाईचं आहे, चौदाच्या पुढे असतील तर शिलाईचे पैसे योग्य ठिकाणी गेले.

दोन धुण्यांनंतर शर्ट पुन्हा घाला आणि दोन्ही हात वर करा. बाही किंवा कॉलर आटली असेल तर तेवढी वाढ वहीतल्या मापात करून घ्या, आणि दुसरं कापड त्यानंतरच कापायला द्या.