फ्रान्सच्या कालव्यावर बोटीत राहायचे असेल तर

आधी बोट घेऊ, राहायचे मग बघू, हा हिशेब इथे उलटा पडतो. आधी हिवाळ्याचा मुक्काम ठरवा. नोव्हेंबर ते मार्च या काळात बरेच कालवे दुरुस्तीसाठी टप्प्याटप्प्याने बंद ठेवतात. त्याला तिथे ‘शोमाज’ म्हणतात. काही ठिकाणी पाणीच काढून टाकतात, मग बोट जिथे आहे तिथेच अडकते. बंदीच्या तारखा व्ही.एन.एफ. हे सरकारी जलमार्ग खाते आधी जाहीर करते. ज्या बंदरात हिवाळा काढायचा, तिथल्या कार्यालयाशी लेखी करार करा. वीज, पाणी आणि टपालाचा पत्ता त्यावरच मिळतो, आणि व्हिसाच्या फाइलला राहण्याचा पुरावाही.

शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक अल्पमुदतीच्या व्हिसावर, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवरची नोंद संगणकावर होऊ लागली आहे, त्यामुळे दोन-चार दिवस इकडेतिकडे खपून जातील या भरवशावर राहू नका. वर्षभर राहायचे तर लाँग-स्टे ‘व्हिजितर’ व्हिसा लागतो. फ्रान्स-व्हिसाच्या संकेतस्थळावर अर्ज भरून मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात फाइल द्यायची, शुल्क 99 युरो. फाइलमध्ये आरोग्य विमा, फ्रान्समध्ये काम करणार नाही अशी लेखी हमी आणि तिथल्या किमान वेतनाच्या तोडीचे वर्षभराचे उत्पन्न दाखवावे लागते. आपल्याकडचा माणूस अडतो तो इथे. सातबाऱ्यात जमीन दिसते, उत्पन्न दिसत नाही. धान-कापसाचे पैसे खात्यातूनच आलेले असू द्या आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी रिटर्नमध्ये दाखवा. पेन्शन किंवा एफडीचे व्याज असेल तर काम सोपे. फ्रान्सला पोहोचल्यावर तीन महिन्यांच्या आत हा व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्या. ते राहिले तर पुढचा मुक्काम बेकायदा ठरतो.

बोटीचे पैसे पाठवताना एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. दहा लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो रिटर्नमध्ये परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. खरेदीच्या वेळी हे लक्षात ठेवा.

आपले ड्रायव्हिंग लायसन्स तिथे बोटीला चालत नाही. स्वतःची बोट चालवायला एक तर फ्रेंच परवाना काढा (नदी-कालव्याचा, 20 मीटरपर्यंतच्या बोटीसाठी, परीक्षा फ्रेंचमध्ये), नाहीतर सेव्हनीची, म्हणजे युरोपातल्या जलमार्गांच्या वाहतूक नियमांची, परीक्षा देऊन आयसीसी हे बोट चालवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र घ्या. कालव्यावरच्या भाड्याच्या बोटीला मात्र परवाना लागत नाही, कंपनी तासभर शिकवून तात्पुरते कार्ड देते. म्हणून आधी दोन आठवडे भाड्याने काढा. एवढ्याशा जागेत दोघांचे जमते की नाही, ते तिथेच कळते.

बोट घेताना मापे आधी बघा, रंग नंतर. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. 1879 मध्ये ठरलेल्या फ्रेसिने मापाचे लॉक साधारण 39 मीटर लांब आणि 5.2 मीटर रुंद असते. दक्षिणेतल्या कनाल द्यू मिदीची लॉक 30 मीटरचीच आहेत. दोघांना 10 ते 14 मीटरची लोखंडी बोट पुष्कळ झाली. ती पाण्याखाली 1.2 मीटरपेक्षा खोल आणि पाण्यावर 3 मीटरपेक्षा उंच नको. खोल असली तर गाळात रुतते, उंच असली तर पुलाखाली अडते. 20 मीटरच्या पुढे तपासणीची आणि परवान्याची कागदपत्रे वाढतात, त्या वाटेला जाऊ नये.

सौदा पक्का करण्याआधी बोट पाण्याबाहेर काढून तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घ्या. 4 मिलिमीटरच्या खाली गेलेल्या पत्र्याला विमा मिळायला त्रास होतो. युरोपात व्हॅट भरल्याची पावती मागा. तळाला लावलेले अ‍ॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे हवेत. जस्ताचे समुद्रात चालतात, इथे निकामी. बंदराच्या विजेला जोडलेली बोट शेजारच्या बोटींशी अर्थिंगच्या तारेतून जोडली जाते आणि तिचा पत्रा नकळत झिजतो. त्या तारेतला हा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्या, तो बोटीचा तळ वाचवतो.

विजेचा हिशेब घरच्यासारखा नाही. बऱ्याच बंदरांत 6 किंवा 10 अँपिअरच मिळतात, म्हणजे 1,380 किंवा 2,300 वॅट. साडेसातशे वॅटचा मिक्सर चालेल, पण 2,000 वॅटची किटली चालू असताना हीटर लावला की फ्यूज गेलाच. स्वयंपाक गॅसवर करा. तिथले नेहमीचे सिलिंडर 13 किलो ब्युटेनचे असते. पारा शून्याच्या खाली गेला की ब्युटेनची वाफ होत नाही, सिलिंडर भरलेले असून शेगडी विझते. हिवाळ्यासाठी प्रोपेन घ्या, रेग्युलेटर त्याच्याच मापाचा. सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि त्या कप्प्याला अगदी तळाशी बाहेर उघडणारे भोक असू द्या. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या पोटात साचतो. लाकडाची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय झोपू नका. थंडी कितीही असो, खिडकीची फट उघडी ठेवा, नाहीतर रात्रभरात भिंती पाझरतात.

आता लॉक. गोसीखुर्दचा कालवा पाणी शेतात नेण्यासाठी आहे, हे कालवे बोट डोंगरावर चढवण्यासाठी. 2.6 मीटर उंचीच्या एका लॉकमध्ये एका खेपेला सुमारे 5 लाख लिटर पाणी लागते. म्हणूनच पाऊस कमी झाला की भर उन्हाळ्यातही कालवे बंद पडतात, 2022 मध्ये तेच झाले.

दिवा लाल असेल तर थांबा, लाल-हिरवा एकत्र असेल तर तयार राहा, हिरवा झाला की आत जा. दोन लाल दिवे म्हणजे लॉक बंद. वर चढताना एका माणसाला आधीच्या धक्क्यावर उतरवा. दोर वरच्या खुंट्याभोवती फिरवून त्याचे टोक परत बोटीवर घ्या आणि हातात धरा. गाठ मारायची नाही. पाणी येताना बोट मागे ढकलली जाते, म्हणून इंजिन मंद पुढे ठेवून दोर आवळत राहा. खाली उतरताना दोर सोडत जायचा. इथे गाठ असली तर पाणी खाली जाते आणि बोट खुंट्याला लटकते, म्हणून चाकू हाताशी ठेवा. शिवाय मागच्या दरवाज्याजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो, त्याची हद्द भिंतीवर रेषेने दाखवतात. बोटीचा मागचा भाग त्या रेषेच्या पुढेच असू द्या, नाहीतर तो उंबऱ्यावर टेकतो आणि बोट नाकावर जाते. स्वयंचलित लॉकमध्ये निळी दांडी उचलली की काम सुरू होते, लाल दांडी धोक्यासाठी. कडेला टायर बांधू नका, तो तुटून बुडाला की दरवाज्यात अडकतो.

रोजचा पल्ला कमीच धरा. बर्गंडी कालवा 242 किलोमीटर आणि त्यावर 189 लॉक. एका लॉकला 15 मिनिटे धरली तरी 47 तास तिथेच गेले. चाल ताशी 6 किलोमीटर धरली तर आणखी 40 तास. दुपारी बरीच लॉक जेवणासाठी बंद होतात, 1 मेला तर सगळा दिवस.

शिदोरीत ज्वारीचे पीठ, तिखट, सरगुंडे, कुरडया बिनधास्त न्या. तूप आणि खवा मात्र युरोपात नेता येत नाही, दूध-मांसाच्या पदार्थांना बंदी आहे. प्रेशर कुकर इथूनच न्या आणि गॅस्केट दोन जास्तीचे.

हिवाळ्यात दोन दिवसही बोट सोडून जायचे असेल तर पाण्याची टाकी अर्धी करा, पंप बंद करून सगळे नळ उघडे ठेवा आणि गीझर रिकामा करा. इंजिनच्या बाहेरच्या पाण्याच्या गाळणीत अँटिफ्रीझ घाला. पाणी गोठले की पितळी गाळणी तडकते, आणि ते कळते बर्फ वितळल्यावर, बोटीत पाणी शिरू लागले की.