एरर गिळू नका : एरर हाताळताना या चुका टाळा

दुसऱ्यांचा कोड तपासायला बसलं की काही चुका इतक्या ठरलेल्या असतात की फाइल उघडण्याआधीच अंदाज येतो. लूप एकाने जास्त फिरला, अट उलटी पडली, हे चालायचंच. शिकताना ते होणारच. एरर हाताळण्यातल्या चुका मात्र बहुतेक वेळा घाईतून होतात. ‘एरर येतेय, घालवू कशी?’ असं कोणी विचारलं की पुढचा कोड कसा असणार ते मला कळतं. लाल अक्षरं गेली, काम झालं! अशा मंडळींसाठी हे लिहितोय. वर्षानुवर्षं कोड लिहिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण यातली सगळ्यात महागडी चूक मी मुरलेल्या लोकांच्या स्क्रिप्टमध्येच पाहिली आहे.

रिकामा कॅच

बिघडू शकणारा कोड ट्रायमध्ये ठेवतात आणि एरर, म्हणजे एक्सेप्शन, आलं तर काय करायचं ते कॅचमध्ये लिहितात. पायथनमध्ये कॅचला एक्सेप्ट म्हणतात. जावामध्ये कॅच लिहायचा आणि कंसात काहीच लिहायचं नाही. पायथनमध्ये एक्सेप्ट आणि त्याखाली पास, म्हणजे ‘काही करू नको’. पीएचपीमध्ये फंक्शनच्या आधी ‘@’ चिकटवायचा, की एररचा मेसेज दिसत नाही. भाषा बदलली तरी सवय तीच.

समजा, सेटिंगची फाइल वाचणारं एक फंक्शन आहे आणि फाइल नसेल तर डीफॉल्ट किंमती वापरायच्या आहेत. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच शक्यता असते : फाइल नाही. त्याने पसरलेल्या जाळ्यात मात्र बरंच काही अडकतं. फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही. फाइल अर्धवटच लिहिली गेली आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्याच्याच कोडमध्ये व्हेरिएबलचं स्पेलिंग चुकलं आहे. पायथन त्यावर नेमएरर देतो, पण तीही तिथेच गडप होते. मग सेटिंग कधीच वाचली जात नाहीत, प्रोग्राम डीफॉल्टवर खुशाल चालत राहतो, आणि ‘मी सेटिंग बदललं तरी काही फरक का पडत नाही?’ या प्रश्नावर दोन माणसं अख्खी दुपार घालवतात.

पायथनमध्ये नुसता एक्सेप्ट, म्हणजे पुढे कोणतंही नाव न लिहिता, तर आणखी घातक. तो कीबोर्डइंटरप्ट (कंट्रोल-सी दाबल्यावर येणारं) आणि सिस्टमएक्झिट (प्रोग्राम बंद करणारं) हेसुद्धा पकडतो. लूपमध्ये असा एक्सेप्ट असेल तर कंट्रोल-सी दाबदाबून बोट दुखेल, प्रोग्राम थांबणार नाही. पुढे निदान ‘एक्सेप्शन’ हे नाव लिहिलं तरी हे दोन सुटतात, कारण ते त्या कुळातले नाहीत.

माझी सवय सांगतो. ट्रायच्या आत मी एक, फार तर दोन ओळी ठेवतो : जी ओळ बिघडू शकते तेवढीच. चाळीस ओळींचा ट्राय दिसला की मी पुढे वाचतच नाही, परत पाठवतो. एक्सेप्शनचं नेमकं नाव लिहायचं. एखादी एरर खरोखरच सोडून द्यायची असेल तर शेजारी कॉमेंटमध्ये एका वाक्यात कारण लिहायचं. ते वाक्य सुचत नसेल तर कॅच काढून टाकायचा आणि प्रोग्रामला पडू द्यायचं. पडलेला प्रोग्राम निदान कुठे पडला ते सांगतो.

हे माझं खूळ आहे असं वाटत असेल तर २०१४ मधला टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास बघा. कॅसँड्रा, एचबेस, एचडीएफएस, मॅपरिड्यूस आणि रेडिस या अनेक संगणकांवर डेटा सांभाळणाऱ्या पाच प्रणालींमधले १९८ बिघाड त्यांनी तपासले. ज्या बिघाडांनी सगळी यंत्रणाच बसली, त्यातल्या ९२ टक्क्यांमध्ये मूळ एरर जीवघेणी नव्हती आणि प्रोग्रामला ती स्पष्ट कळवलीही गेली होती. घोळ झाला तो पुढच्या हाताळणीत. अशा मोठ्या बिघाडांपैकी ३५ टक्के तर अगदी बाळबोध चुकांचे होते : रिकामे हँडलर (एरर हाताळणारा कोड), नुसता लॉग, म्हणजे नोंद, लिहून पुढे जाणं, ‘हे नंतर करू’ अशी कॉमेंट टाकून विसरणं. आणि हा कोड नवशिक्यांचा नव्हता.

अलीकडे एआयकडून लिहून घेतलेला कोडही माझ्याकडे येतो. त्यात बऱ्याचदा प्रत्येक फंक्शनला ट्राय-कॅचचं गोंडस वेष्टण असतं. दिसायला जबाबदार, आत तेच गिळणं.

पाइपमधून निसटलेली एरर

एका ठिकाणी डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री व्हायचा. शेल स्क्रिप्टमध्ये मुख्य ओळ एकच. मायएसक्यूएलडंप (डेटाबेसची प्रत काढणारी कमांड) हिचं आउटपुट पाइपने, म्हणजे थेट पुढच्या कमांडला जोडून, जीझिपला (डेटा कॉम्प्रेस करणारी कमांड) द्यायचं आणि तिथून तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवायचं. पुढे अट : एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, शून्य म्हणजे सगळं ठीक) शून्य असेल तर ‘बॅकअप यशस्वी’ असा मेल पाठव. डंप अधूनमधून फालतू वॉर्निंग देतो म्हणून कोणीतरी त्याचे एरर मेसेज डेव्ह-नल, म्हणजे येईल ते गिळून टाकणाऱ्या फाइलकडे वळवून ठेवले होते. मेल रोज यायचा. सगळे खूश.

मग सुरक्षेच्या नियमाप्रमाणे डेटाबेसच्या युजरचा पासवर्ड बदलला आणि या स्क्रिप्टची कोणाला आठवण राहिली नाही. त्या रात्री डंपला लॉगिनच करता आलं नाही. त्याने एरर दिली, ती डेव्ह-नलमध्ये गेली. त्याने शून्येतर एक्झिट कोडही दिला, पण तोही वाया, कारण पाइपलाइनचा एक्झिट कोड म्हणजे तिच्यातल्या शेवटच्या कमांडचा कोड. शेवटी होता जीझिप. त्याच्याकडे एकही बाइट आला नाही. त्याने त्या शून्य बाइटचं इमानेइतबारे कॉम्प्रेशन केलं, २० बाइटची फाइल तयार केली आणि शून्य कोड देऊन मोकळा झाला. मेल गेला : बॅकअप यशस्वी.

डिस्क गेली तेव्हा मला बोलावलं. फोल्डर उघडला तर ओळीने २० बाइटच्या फाइली. जीझिपची स्वतःची तपासणीसुद्धा त्या पास होत होत्या, कारण जीझिपच्या दृष्टीने त्यांच्यात काहीच चूक नव्हती. पासवर्ड बदलण्याआधीचे चांगले बॅकअप तरी असतील म्हणून शोधले, तर तेही नाहीत. जुन्या फाइली पुसणारी ओळ त्या स्क्रिप्टमध्ये अगदी चोख चालत होती. शेवटी एका प्रोग्रामरने चाचणीसाठी आपल्या मशीनवर घेतलेली जुनी प्रत सापडली. तिच्यानंतरच्या नोंदी छापील रिपोर्टवरून हाताने भरल्या. स्क्रिप्ट लिहिणारा माणूस कच्चा नव्हता. एवढं छोटं काम, त्याला काय बघायचं, इतकाच त्याचा हिशेब.

बॅशमध्ये यावर एका ओळीचा उपाय आहे : पाइपफेल हा पर्याय चालू करा. मग पाइपमधली कोणतीही कमांड पडली तरी सगळी पाइपलाइन पडली असं धरलं जातं. ‘सेट वजा ई’ (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय) लावलंय ना, असं लोक सांगतात. त्या एकट्याने ही चूक पकडली जात नाही, कारण तोही पाइपचा शेवटचाच कोड बघतो. शिवाय इफच्या अटीत चालवलेल्या कमांडकडे तो काणाडोळा करतो. मी दोन्ही लावतो आणि तरीही दोघांवर विसंबत नाही. नवी फाइल कालच्या फाइलच्या निम्म्याहून लहान असेल तर स्क्रिप्टने बोंब मारायची आणि जुन्या फाइलींना हात लावायचा नाही. मेलच्या विषयातच फाइलचा आकार लिहायचा, कारण ‘यशस्वी’ हा शब्द रोज आला की डोळे त्याला बघणं सोडतात. आणि अधूनमधून बॅकअप खरोखर रिस्टोर करून बघायचा. याला वेळ लागतो म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी वरची गोष्ट ऐकवतो.

एरर आणि डेटा एकाच वाटेने पाठवणं

किंमत सापडली नाही तर उणे १ परत करायचा. नाव नसेल तर रिकामी स्ट्रिंग. पुढचा माणूस ते न तपासता सरासरी काढतो आणि उणे १ बेरजेत जाऊन बसतो. कोणालाही एरर दिसत नाही, फक्त आकडा चुकतो.

४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, साधारण ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, इथपर्यंतची कथा सगळ्यांना पाठ असते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ते एक्सेप्शन कोणी हाताळलं नाही, म्हणून दिशा-मापन यंत्रणेचा संगणक बंद पडला. जोडीच्या संगणकावर तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तो क्षणभर आधीच गेला होता. बंद पडताना यंत्रणेने बिघाडाची माहिती पाठवली, आणि मुख्य संगणकाने ती उड्डाणाचा डेटा समजून वाचली. त्या भलत्याच आकड्यांनुसार इंजिनांचे नॉझल टोकापर्यंत वळले. म्हणजे एरर कळवली गेली होती, पण ज्या वाटेने डेटा येतो त्याच वाटेने.

ज्या हिशेबात हे एक्सेप्शन आलं तो उड्डाणानंतर मुळात लागतच नव्हता. एरियान ४ मधून कोड तसाच उचलला होता, त्याबरोबर तोही आला. धोका असलेल्या सात व्हेरिएबलपैकी चारांनाच संरक्षण दिलं होतं, कारण संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता. शॉर्टकट दरवेळी आळसातून येतो असं नाही. कधी तो बैठकीत, रीतसर मंजूर होऊन येतो.

बाकीच्या, थोडक्यात

‘काहीतरी चुकलं’ हा मेसेज. युजरला पुढे काय करायचं ते सांगा. लॉगमध्ये कोणती फाइल, कोणता रेकॉर्ड, कोणती किंमत ते लिहा. पासवर्ड लॉगमध्ये लिहू नका, हे अजूनही सांगावं लागतं.

जावास्क्रिप्टचं फेच (वेबवरून डेटा आणणारं फंक्शन) सर्व्हरकडून ४०४ (पान सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरचा बिघाड) आल्यावर एरर देत नाही, फक्त नेटवर्क तुटलं तरच देतं. उत्तरातलं ‘ओके’ तपासा. आणि अवेट (उत्तराची वाट बघायला लावणारा शब्द) विसरलात तर तुमचा ट्राय-कॅच शोभेचा.

पायथनच्या रिक्वेस्ट्स या वेबवर विनंत्या पाठवणाऱ्या लायब्ररीत टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, आपणहून लागत नाही. दिला नाही तर प्रोग्राम वाट बघत राहील, आणि एररही येणार नाही.

प्रत्येक थरात लॉग लिहून तीच एरर वर फेकणं. एकच घटना लॉगमध्ये पाच वेळा दिसते आणि बघणारा पाच बिघाड शोधत बसतो. जो हाताळतो त्यानेच लिहावं.

मूळ एरर फेकून देऊन नवीन देणं. पायथनमध्ये रेझ-फ्रॉम आहे, जावात मूळ कारण कन्स्ट्रक्टरला देता येतं, गोमध्ये १.१३ पासून एरर गुंडाळण्याची सोय आहे. वापरा.

फायनलीमध्ये (ट्रायनंतर काहीही झालं तरी चालणारा भाग) रिटर्न लिहू नका. वरून येणारं एक्सेप्शन तिथेच विरतं, जावात, पायथनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्येही. पायथन ३.१४ तर त्याबद्दल वॉर्निंग देतो.

रिट्रायबद्दल, म्हणजे पुन्हा प्रयत्न करण्याबद्दल, थोडं जास्त. चुकीचा पासवर्ड दहा वेळा पाठवल्याने बरोबर होत नाही, त्यामुळे सर्व्हरकडून ४०० (विनंतीच चुकीची) आणि ४०१ (ओळख पटली नाही) आल्यावर पुन्हा प्रयत्न नको. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आणि ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) वर करा, पण दरवेळी थांबण्याचा वेळ दुप्पट करत आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळून. नाहीतर दमलेल्या सर्व्हरवर सगळे एकाच क्षणी पुन्हा तुटून पडतात. पैशांचा व्यवहार असेल तर विनंतीला स्वतःचा क्रमांक द्या, म्हणजे तीच दोनदा गेली तरी ओळखता येईल. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही, असं धरून चालू नका.

एररची वाट कधी चालवूनच न बघणं

कॅचमधला कोड पहिल्यांदा चालतो तो प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे लोक वापरत असलेल्या यंत्रणेत, रात्री दोन वाजता. मी काम संपवण्याआधी नेटवर्क तोडून बघतो, पासवर्ड चुकीचा देतो, फाइल मध्येच कापतो. भरलेल्या डिस्कसाठी लिनक्समध्ये डेव्ह-फुल नावाची तयार फाइल आहे. तिच्यात काहीही लिहा, डिस्कवर जागा नाही अशीच एरर मिळते. सी भाषेतला सगळ्यात पहिला, ‘हॅलो’ छापणारा प्रोग्राम घ्या आणि त्याचं आउटपुट तिकडे वळवा. एक अक्षरही लिहिलं जात नाही, तरी एक्झिट कोड शून्य येतो. हेच काम पायथन ३ मध्ये करा : तो तक्रार करतो आणि १२० कोड देऊन बाहेर पडतो. आता तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामचं आउटपुट तिकडे वळवा आणि कोड किती येतो ते बघा.