पाण्याची वाट धरा: घरच्या एस्प्रेसो मशीनची ओळख

आमच्या एस्प्रेसो मशीनचं वरचं झाकण पहिल्यांदा उघडलं ते मामाने. सांगलीला त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पुण्याला आमच्याकडे आला होता, तेव्हा ओट्यावरचं ते स्टीलचं यंत्र घरघरताना ऐकून त्याला राहवलं नाही. मशीन पूर्ण गार होऊ दिलं, प्लग काढला, पाण्याची टाकी बाजूला ठेवली आणि स्क्रू सोडवले. आत डोकावून तो म्हणाला, "पाणी कुठनं येतं नि कुठं जातं तेवढं बघ गं. बाकीचं आपोआप कळतंय."

तोवर तीन महिने मी चिकमगळूरच्या इस्टेटमधली चांगली अरेबिका कॉफी आणत होते आणि कपात आंबट, पातळ काहीतरी पडत होतं. व्हिडिओ पाहून भागांची नावं पाठ झाली होती, पण कोणता भाग कशासाठी आहे हे माहीत नव्हतं. त्या दुपारी मी टाकीपासून कपापर्यंत नळीवर बोट ठेवत गेले, आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. नव्याने मशीन घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: आधी पाण्याची वाट शोधा.

टाकीत सांगण्यासारखं फार काही नाही, पण एक गोष्ट जरूर बघा. आमच्या टाकीत दोन नळ्या सोडलेल्या आहेत. जाड नळी पाणी ओढून घेते, हे उघड आहे. बारीक नळी कशाला, ते मला कळत नव्हतं. तिच्याकडे थोड्या वेळाने येते.

जाड नळी पंपाकडे जाते. घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा व्हायब्रेशन पंप असतो, मुठीएवढा. आत तारेची कॉइल, एक छोटा लोखंडी दट्ट्या आणि स्प्रिंग. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दट्ट्या सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होतो. ती घरघर त्याचीच. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१५ बार' छापलेलं असतं, ते या पंपाची कमाल ताकद सांगतं; बार हे दाब मोजायचं एकक. मी मशीन निवडताना तोच आकडा बघितला होता.

मामाने विचारलं, "अंगणात पाणी मारताना पायपाचं तोंड अंगठ्यानं दाबतेस, तेव्हा मोटर बदलतीय का?" मोटर तीच, पाणी तेच. अंगठा लावला की धार जोरात जाते, काढला की पाणी नुसतं वाहतं. पंप पाणी ढकलतो, दाब तयार होतो तो पुढच्या अडथळ्यामुळे. एस्प्रेसोमध्ये हा अंगठा म्हणजे बास्केटमध्ये, म्हणजे खाली भोकं असलेल्या छोट्या वाटीत, दाबून बसवलेली कॉफी. दळण जाड असेल तर पाणी आरामात निघून जातं, दाब चढतच नाही आणि कप आंबट लागतो. फारच बारीक असेल तर थेंबथेंब गळतं आणि कॉफी कडू होते. मी तीन महिने मशीनला दोष देत होते, आणि अंगठाच सैल होता.

एस्प्रेसोसाठी साधारण ९ बार दाब लागतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची इटालियन यंत्रं वाफेच्या जोरावर चालायची आणि दीड-दोन बारच्या पुढे जायची नाहीत. मिलानच्या अकिले गाजिया यांनी १९४७-४८ च्या सुमारास स्प्रिंग आणि दांड्याचं यंत्र आणलं, तेव्हा कपावर तो तांबूस दाट फेस, म्हणजे क्रेमा, दिसायला लागला. १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ यंत्राने हाताच्या जोराऐवजी पंप वापरला. आपल्या ओट्यावरची मशीन्स त्याच घराण्यातली.

पंप १५ बारपर्यंत जाऊ शकतो आणि हवेत ९, मग जास्तीचा दाब जातो कुठे? पंपाच्या पुढे एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो, ओपीव्ही. दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तो उघडतो. काम कुकरच्या शिट्टीसारखंच, फक्त इथे पाणी बाहेर न उडता टाकीत परत जातं. ती बारीक नळी याच व्हॉल्व्हची. काही मशीन्समध्ये तो कारखान्यातूनच जास्त दाबावर लावलेला येतो. गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, असेल तर एकदा तपासून घ्या.

पुढे बॉयलर. कॉफीसाठी पाणी ९३ अंशांच्या आसपास लागतं आणि दुधासाठी वाफ करायची तर १०० च्या बरंच वर जावं लागतं. सिंगल बॉयलर मशीनमध्ये ही दोन्ही कामं एकाच भांड्यात, दोन थर्मोस्टॅटवर होतात. म्हणून दूध वाफवल्यानंतर लगेच शॉट, म्हणजे एका वेळची एस्प्रेसो, काढू नका. आधी थोडं पाणी सोडून बॉयलरचं तापमान उतरवा, नाहीतर कॉफी करपते. साध्या थर्मोस्टॅटवर तापमान बरंच खालीवर होतं, पीआयडी नावाचा कंट्रोलर असेल तर ते जागेवर राहतं. बॉयलरऐवजी थर्मोब्लॉक असेल तर त्यात साठवण नसते, धातूच्या ठोकळ्यातल्या वळणावळणाच्या वाटेने जातानाच पाणी तापतं. म्हणून ते लवकर तयार होतं. ड्युएल बॉयलर म्हणजे दोन कामांना दोन भांडी. घरात रोज पाच-सहा जणांना दुधाची कॉफी लागत असेल तरच त्यात पैसे घाला, माझं तरी असं मत आहे.

दिवा लागला म्हणजे मशीन तापलं, असं समजू नका. दिवा बॉयलरपुरता असतो. ग्रुप हेड, म्हणजे जिथून पाणी कॉफीवर पडतं तो भाग, आणि त्यात अडकवायचा, बास्केट धरणारा पितळी दांडा, म्हणजे पोर्टाफिल्टर, हे जड धातू, त्यांना तापायला वीस मिनिटं तरी द्या. गार पोर्टाफिल्टर पाण्याची उष्णता क्षणात ओढून घेतो.

बॉयलर आणि ग्रुप हेडच्या मध्ये चांगल्या मशीनमध्ये थ्री-वे सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. शॉट बंद केला की 'फुस्स' करून उरलेला दाब खालच्या ट्रेमध्ये सोडतो तो हाच. त्यामुळे चोथा कोरडा, वडीसारखा निघतो. ज्या मशीनमध्ये हा व्हॉल्व्ह नाही, तिथे शॉटनंतर अर्धा-एक मिनिट थांबल्याशिवाय पोर्टाफिल्टर फिरवू नका. आत दाब अडकलेला असतो आणि गरम चोथा हातावर उडतो. बिनभोकाची चकती लावून मशीन साफ करायच्या पावडरने करायची उलट धुलाईसुद्धा हा व्हॉल्व्ह असेल तरच करायची.

ग्रुप हेडमध्ये वर एक जाळी असते, तिच्याभोवती रबरी गॅस्केट. आठव्या महिन्यात आमच्या पोर्टाफिल्टरच्या कडेने पाणी ओघळायला लागलं. मी हँडल रोज थोडं जास्त आवळत गेले. पूर्वी ते सरळ माझ्याकडे यायच्या जरा आधीच घट्ट व्हायचं, आता पार उजवीकडे जात होतं. शेवटी जाळीचा स्क्रू काढला आणि दाभणाने रिंग उचकटायला गेले, तर तिचे तुकडेच पडले. बोटात धरून दाबलं तर रबर नाहीच, वाळक्या करवंटीसारखं टणक. मशीन तासन्‌तास चालू आणि पोर्टाफिल्टर घट्ट आवळलेला, त्या उष्णतेने ते असं झालं होतं. कुकरची रिंग आपण बदलतो तशीच ही बदलायची. फक्त घेर आणि जाडी दोन्ही जुळवून आणा. तेव्हापासून काम झालं की मी पोर्टाफिल्टर सैल करून ठेवते.

आता बास्केट, कारण नवशिक्यांची खरी फसगत इथे होते. बऱ्याच मशीनबरोबर डबल वॉल बास्केट येते. वरून जाळी दिसते, पण उलटी धरून उजेडात बघितलं तर खाली एकच टाचणीएवढं भोक. तिथे अडथळा कॉफीचा नसतो, त्या भोकाचा असतो. त्यामुळे कसंही दळलं तरी फेस येतो आणि चव मात्र सुधारत नाही. सिंगल वॉल बास्केटमध्ये भोकंच भोकं असतात, तिथे सगळी मदार दळणावर. त्यासाठी चांगला बर ग्राइंडर, म्हणजे पात्याऐवजी दातेरी चकत्यांमध्ये दळणारा, लागतो, मिक्सरच्या भांड्याचं हे काम नाही. बारीक रव्यापेक्षा बारीक, मैद्यापेक्षा जाड, असं दळण बोटाला लागलं पाहिजे. दक्षिणी फिल्टरची चिकरी मिसळलेली पूड इथे वापरू नका. त्या फिल्टरमध्ये पाणी स्वतःच्या वजनाने झिरपतं, ती पूड त्याच कामासाठी असते.

काट्यावर १८ ग्रॅम कॉफी, कपात ३६ ग्रॅम, वेळ २५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करा. आणि कान उघडे ठेवा. कॉफीवर दाब चढला की पंपाचा आवाज खर्जात उतरतो. दहा सेकंद झाले तरी तो मोकळाच राहिला तर दळण जाड आहे, हे कपाकडे न बघताही कळतं.

स्टीम वाँडचं, म्हणजे दूध वाफवायच्या नळीचं, एकच सांगते: दूध झालं की लगेच ओल्या फडक्याने पुसा आणि थोडी वाफ सोडा, नाहीतर दूध आत ओढलं जाऊन वाळतं.

पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्याचं पाणी जड. गिझरच्या कॉइलवर जमतो तोच पांढरा क्षार बॉयलरमध्ये जमतो. नुसतं आरओचं पाणीही बरं नाही. चव सपक येते, आणि काही मशीन्स पाण्यातल्या क्षारांवरून बॉयलरमधली पातळी ओळखतात, त्यांना अशा पाण्याचा पत्ताच लागत नाही. मी आरओच्या पाण्यात थोडं नळाचं मिसळते. लिंबूफुलाने क्षार काढता येतो, पण बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर पुस्तिकेत दिलेलं प्रमाण ओलांडू नका. आणि प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

गेल्या दिवाळीत बहिणीसाठी जुनं मशीन बघायला गेलो, तेव्हा पिशवीत एक बिनभोकाची रबरी चकती घेऊन गेले होते. आधी नुसतं पाणी सोडून पंप ऐकला. मग चकती बास्केटमध्ये टाकून बटण दाबलं. आवाज खर्जात गेला, काटा ९ वर येऊन थांबला, पोर्टाफिल्टरच्या कडेला एक थेंब नाही. मी टाकीचं झाकण उचलून बघितलं, तर बारीक नळीतून पाण्याची धार आत पडत होती. बटण सोडल्याबरोबर ट्रेमध्ये फुस्स झालं. बहिणीने तिथेच पैसे दिले.